पोटातला कॉम्प्युटर

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. आमच्या क्लासच्या माळ्यावर बंद पडलेले कीबोर्ड जसे साठलेत, तसे ते साठत जातात. टाकवत नाहीत, कारण त्यातलं एखादं बटण कधीतरी उपयोगी पडेल असं वाटत राहतं. जळगावातल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागून मला जेमतेम दीड वर्ष झालंय. पण माझे मिस्टर म्हणतात, "तू सकाळी डबा भरून नेतेस आणि संध्याकाळी किस्से भरून आणतेस!"

यातले बरेचसे किस्से गेल्या दसऱ्यानंतरच्या एकाच आठवड्यातले. त्या आठवड्यात मी एकदाही धड झोपले नाही. झालं असं, की सोमवारी आमच्या नव्याकोऱ्या कॉम्प्युटरवर लिनक्स, म्हणजे विंडोजसारखीच एक दुसरी सिस्टीम, चढवताना ते अर्ध्यातच अडकलं. सगळं जग नव्व्याण्णवच्या एकतीस डिसेंबरला कॉम्प्युटर बंद पडतील म्हणून घाबरलेलं, आणि आमचा ऑक्टोबरातच आडवा झाला. हेही मी सहन केलं असतं. पण त्याच संध्याकाळी माझ्या चार वर्षांच्या मनूने वरणभात कालवता कालवता सहज सांगितलं,

"आई, मी कॉम्प्युटरला खाऊ दिला."

मी हातातला घास ताटात ठेवला.

"कुठे दिलास?"

"तोंडात!" मनू म्हणाली. आणखी कुठे देणार, असा चेहरा करून.

*

मनूचा आणि कॉम्प्युटरचा संबंध काय, ते आधी सांगायला हवं.

क्लासचे मालक बोंडे सर. मूळचे सावद्याचे, घरची केळीची शेती. भावांनी मळा सांभाळला आणि यांनी जळगावात बसस्टँडच्या मागे क्लास काढला. खाली क्लास, वर घर. घरात सर आणि त्यांच्या आई. त्यांना सगळेच अक्का म्हणतात.

माझा इंटरव्ह्यू दोन वाक्यांत झाला.

"कॉम्प्युटर येतो का?"

"थोडाफार येतो, सर."

"मला तेवढाही येत नाही. उद्यापासून या!"

मग मी चाचरत मनूचा विषय काढला. मिस्टर नोकरीला धुळ्याला, शनिवारी येतात. सासूबाई यावलला. जळगावात आम्ही दोघीच. बालवाडी साडेअकराला सुटते, त्यानंतर मनूला ठेवायला जागा नाही. तिला क्लासमध्ये आणू दिलं तरच मला नोकरी करता येईल.

सरांनी विचार केला. "शांत आहे का?"

"फार शांत आहे, सर."

मी हे सांगत होते तेव्हा फार शांत मनू बाहेर चपलांपाशी बसली होती. आमच्याकडे कॉम्प्युटरच्या खोलीत चप्पल-बूट चालत नाहीत, ते व्हरांड्यात काढायचे. मनूने सगळ्या चपलांच्या नव्या जोड्या लावून ठेवल्या होत्या. रंग बघून. त्या दिवशी बॅचमधली आठ मुलं एका पायात स्वतःची आणि दुसऱ्या पायात कुणाचीतरी चप्पल घालून घरी गेली.

सर हसले. पण एक अट घातली. "मॅडम, पोरीनं मशीनला हात लावला, त्या दिवसापासून तिचं येणं बंद. मग तुमचं तुम्ही बघा."

तुमचं तुम्ही बघा! म्हणजे घरी बसा. आता कळलं ना, मला झोप का येत नव्हती?

*

लिनक्सचं खूळ धुळ्याहून आलं. तिथल्या एका कॉलेजातले प्राध्यापक सरांना म्हणाले, "आमच्या मुलांना लिनक्स शिकवायचंय. तुमच्याकडे चालू असलेलं दाखवा, दर रविवारी अख्खी बॅच जळगावला पाठवतो." बघायला शनिवारी येणार असं ठरलंसुद्धा.

आता लिनक्स चढवायचं म्हणजे कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कचे दोन भाग करावे लागतात. एकात विंडोज, एकात लिनक्स. हे मी सरांना कागदावर चित्र काढून समजावलं. एक मोठा चौकोन, मध्ये रेघ.

सर त्या रेघेकडे बघतच राहिले.

"म्हणजे वाटणी?"

"तसंच काहीतरी, सर."

"मॅडम, आमच्या मळ्यात अशीच एक रेघ मारली होती. त्यानंतर मोठा भाऊ माझ्याशी सात वर्षं बोलला नाही. नव्या मशीनची वाटणी मी होऊ देणार नाही!"

मी म्हटलं, "सर, विंडोज आणि लिनक्स एरवीही एकमेकांशी बोलत नाहीत."

पण ते ऐकेनात. शेवटी सरांच्या पुण्याच्या मित्राने तोडगा सुचवला. एक नवीन सॉफ्टवेअर आलंय, तीस दिवस वापरून बघता येतं. ते विंडोजमध्येच एक खोटा कॉम्प्युटर तयार करतं. त्याला खोटी मेमरी, खोटी हार्ड डिस्क. खरी डिस्क शाबूत राहते, लिनक्स त्या खोट्यात चढवायचं. फसलं तर खोटा पुसून टाकायचा.

"भांडण नाही, वाटणी नाही!" सर खूश. "एकाच घरात दोन चुली, आणि बाहेरून एकच दार!"

*

लिनक्सची सीडी प्राध्यापकांनी दिली. धुळ्याच्या कॉलेजात त्याच सीडीवरून त्यांनी स्वतः लिनक्स चढवलं होतं. ती आणायचं काम अर्थातच माझ्या मिस्टरांकडे आलं.

मिस्टर म्हणजे वस्तू जपण्यात माझ्यापेक्षा दोन पावलं पुढे. सीडीला प्लास्टिकची डबी नव्हती, नुसतं कागदाचं पाकीट. बॅगेत ठेवली तर वाकेल, खिशात ठेवली तर मोडेल. म्हणून हे धुळे-जळगाव एस.टी.त ती सीडी दोन बोटांत कडेने धरून बसले. पारोळ्यापर्यंत ऊन यांच्याच खिडकीत. सीडीवरून उडालेला कवडसा गाडीभर फिरत होता. आधी एका बाईच्या कडेवरचं मूल रडलं, मग पुढच्या सीटवरच्या आबांची झोप मोडली. शेवटी कंडक्टर आला.

"हाई काय शे भाऊ? आरसा शे का?"

"नाही हो, कॉम्प्युटरची सीडी आहे."

"जे शे ते शे! बठ्ठासना डोयामा जाई ऱ्हायनं. झाकी ठेवा ते!"

सगळ्यांचे डोळे दिपतायत म्हटल्यावर यांनी ती रुमालाने झाकली. अडीच तास. एरंडोलला चहासुद्धा प्यायला उतरले नाहीत. घरी आल्यावर माझ्या हातात सीडी देत म्हणाले, "मनूला दवाखान्यातून घरी आणलं होतं ना, त्यानंतर इतकं जपून मी काहीच आणलेलं नाही."

मला आधी कौतुक वाटलं. मग आठवलं, मनूला दवाखान्यातून घरी मी आणलं होतं. हे रिक्षा शोधत होते!

*

सोमवारी सकाळी पुण्याचं सॉफ्टवेअर मी टाकून घेतलं. अक्का सरांचा चहा घेऊन खाली आल्या आणि माझ्यामागे उभ्या राहिल्या. स्क्रीनवर एक चौकट, आणि त्या चौकटीत दुसरा कॉम्प्युटर सुरू होताना दिसत होता.

"हे काय व माय? टीव्हीत टीव्ही?"

मला सोपं करून सांगायची सवय लागलीय, क्लासमुळे आणि मनूमुळे. म्हटलं, "अक्का, या कॉम्प्युटरच्या पोटात अजून एक छोटा कॉम्प्युटर आहे."

अक्कांनी पदर सावरला. आवाज खाली आणून विचारलं,

"कितवा महिना हाये तिले?"

सरांना चहाचा ठसका लागला. अक्का मात्र गंभीर. दसऱ्याला त्यांनी क्लासमधल्या एकूण एक मशीनची पूजा केली होती. हळद, कुंकू, झेंडूचं फूल. दोन वर्षांपूर्वी त्यांनी कीबोर्डवरसुद्धा अक्षता टाकल्या होत्या आणि स्पेसबार महिनाभर दाबला जात नव्हता. तेव्हापासून सरांनी नियम केलाय, कुंकू फक्त मशीनच्या डब्याला, बाहेरून लावायचं.

"पोटातल्याची पूजा त राहूनच गेली," अक्का म्हणाल्या. "त्याले बोट लावावं तरी कोठी?"

"राहू दे आई, पुढच्या दसऱ्याला बघू," सर म्हणाले आणि विषय संपला. निदान आम्हाला तसं वाटलं.

दुपारी मनू बालवाडीतून आली. अक्कांनी तिला रोजच्यासारखा शेंगदाण्याच्या चिक्कीचा तुकडा दिला आणि नव्या मशीनकडे बोट दाखवून दम भरला, "तिच्याजवळ धिंगाणा नही घालायचा. पोटुशी हाये ती. तिले जपायचं."

मनूने मान डोलावली. पोटुशी म्हणजे काय, ते मला विचारलं. मी सांगितलं. चार वर्षांच्या मुलीला सांगावं तेवढंच.

*

मग लिनक्स चढवायला घेतलं आणि अर्ध्यावर अडकलं. स्क्रीनवर इंग्रजीत तक्रारी सुरू झाल्या. हे वाचता येत नाही, ते सापडत नाही. पुन्हा पहिल्यापासून केलं, पुन्हा तिथेच. तसंच अर्धवट सुरू करून पाहिलं, तर काळ्या पडद्यावर शेवटची ओळ आली, कर्नल पॅनिक. म्हणजे आतला मुख्य प्रोग्रॅमच घाबरून थांबला. मला त्या कर्नलबद्दल पहिल्यांदाच आपुलकी वाटली.

सरांनी सलीमभाईंना बोलावलं. सलीमभाई आमचे हार्डवेअरवाले. वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. हे रेडिओवरून टीव्हीवर आणि टीव्हीवरून कॉम्प्युटरवर आले. कुठलंही मशीन बिघडलं, की आधी झाकण उघडायचं ही त्यांची पद्धत. आले ते पेचकस हातात घेऊनच.

"कौनसी मशीन, मॅडम?"

"ही नाही. हिच्या आतली."

"आतली म्हणजे?"

"म्हणजे ती खरी नाहीये, सलीमभाई. नुसती भासते. तिची हार्ड डिस्क म्हणजे एक फाइल आहे."

सलीमभाईंनी पडद्याकडे पाहिलं, मग पेचकसाकडे.

"मॅडम, अठ्ठावीस साल हो गये मेरे को. मेलेली मशीन मी उघडली, जळलेली उघडली, गटारात पडलेली उघडली. लेकिन जो मशीन हैच नहीं, उसका ढक्कन किधर से खोलूं?"

आणि त्यांनी पेचकस खिशात ठेवला. लढाई न करताच तलवार म्यान करावी तसा.

*

मग पुण्याच्या मित्राला फोन. फोन सरांच्या केबिनमध्ये आणि मशीन लॅबमध्ये, मध्ये व्हरांडा. वायर पुरत नाही. म्हणून मी मशीनसमोर, सलीमभाई व्हरांड्यात, सर फोनवर अशी साखळी लावली. मित्र पुण्याहून विचारणार, सर ओरडून सलीमभाईंना सांगणार, सलीमभाई मला.

मित्राने आधी आतल्या मशीनची मेमरी वाढवायला सांगितली. आमच्या त्या मशीनला सगळी मिळून चौसष्ट एमबी. त्यातली जास्त आतल्याला दिली, तर बाहेरचं विंडोज मान टाकायला लागलं.

अक्का जिन्यावरून म्हणाल्या, "पोटातल्यालेच समदं देसान, त मायनं काय खावं?"

मेमरी पूर्ववत केली. आतलं मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. पडदा काळाच राहिला, आणि त्यात ट्यूबलाइटच्या उजेडात माझाच ओढलेला चेहरा.

सरांचा आवाज आला, "ते विचारतायत, आता स्क्रीनवर काय दिसतंय?"

मी ओरडले, "काही नाही, मीच दिसतेय!"

सलीमभाई केबिनकडे वळून, "सर, मॅडम दिख रही है!"

सर फोनमध्ये, अगदी अदबीने, "आमच्या मॅडम दिसतायत."

मग मित्राने विचारलं, "कुठल्या व्हर्जनमध्ये?"

*

त्यात सरांच्या केबिनचं दुखणं वेगळंच. त्यांचं स्वतःचं मशीन जुनं, उभा डबा, टेबलाखाली फरशीवर ठेवलेला. त्यात महिनाभर फ्लॉपी नीट जात नव्हती. गेली तर बाहेर येत नव्हती. सरांनी फ्लॉपीचे तीन नवे डबे आणवले आणि दुकानदाराला फैलावर घेतलं, "तुमच्या फ्लॉप्या जाड येतात!"

शिवाय केबिनमध्ये मुंग्या. दाराच्या फटीतून निघालेली रांग टेबलाखाली कुठेतरी नाहीशी व्हायची. सरांनी मुंग्यांच्या खडूने रेघ मारली, मुंग्या वळसा घालून यायला लागल्या. सरांचा संशय अक्कांवर. "आई, केबिनमध्ये प्रसाद आणत जाऊ नकोस!" अक्का फुगल्या, दोन दिवस बोलल्या नाहीत.

सलीमभाई मुंग्यांची रांग बघून म्हणाले, "सर, आपका कॉम्प्युटर मीठा बोलता होगा."

मी हसले. त्या दिवशी मी हसण्याच्या स्थितीत नव्हते, तरी हसले.

*

कारण माझं सगळं लक्ष नव्या मशीनकडे होतं. मनूच्या खाऊकडे.

मी रोज सकाळी सगळ्यांच्या आधी क्लासमध्ये जायचे. टॉर्च घेऊन नव्या मशीनच्या फटीफटीत बघायचे. त्याचा सीडीचा ट्रे बटण दाबलं की जिभेसारखा बाहेर येतो, आणि मनूला तो भारी आवडतो. त्यात चिक्कीचा चुरा असणार, याची मला खात्रीच होती. ट्रे दहादा बाहेर काढला, दहादा आत सारला. काही दिसलं नाही. म्हणजे आणखी आत गेला असणार! गुरुवारी तर मी तो डबा दोन्ही हातांनी धरून हळूच हलवला, गुल्लक हलवतात तसा. तेवढ्यात मागून सर.

"काय करताय, मॅडम?"

"धूळ, सर."

"अशी हलवून?"

"आतली धूळ, सर!"

सांगून टाकावं असं हजारदा वाटलं. पण सांगितलं की मनूचं येणं बंद. आणि नाही सांगितलं, तर शनिवारी प्राध्यापक येणार, लिनक्स चालणार नाही, बॅच जाणार, आणि ते माझ्या मुलीमुळे. दोन्हीकडून मीच. मुलांवर अविश्वास दाखवू नये, शांतपणे विश्वासात घेऊन विचारावं, असं मी एका लेखात वाचलं होतं. तसं विचारलं.

"मनू, तू कॉम्प्युटरला खाऊ दिलास, तो कुठला गं?"

"चिक्की."

"किती?"

"अर्धी. अर्धी मी खाल्ली." मग जरा थांबून, "वाटून खायचं असतं. तूच सांगितलंस."

लेख लिहिणाऱ्या बाईंना मुलं नसावीत.

*

शुक्रवारी दुपारी सलीमभाई बिनबोलावता आले. मशीनकडे गेलेच नाहीत. माझ्यासमोर स्टूल ओढून बसले.

"मॅडम, मैं रात भर सोच रहा था. मशीन झूठी है, ठीक. डिस्क झूठी, ठीक. मेमरी भी झूठी. यात खरं काय आहे, सांगा?"

मी विचार केला. आतल्या मशीनला बाहेरची एकच खरी गोष्ट मिळत होती. "सीडी."

"सीडी निकालो."

"पण सलीमभाई, ती धुळ्याला व्यवस्थित चालली होती."

"धुळ्याला चालली. इथे आल्यावर कुणाकुणाच्या हातात गेली?"

मी सीडी काढली. आम्ही सगळे ती नेहमी कडेने धरायचो, छापील बाजू वर ठेवून. सलीमभाईंनी ती उलटी केली, खिडकीपाशी नेली आणि तिरपी धरली. चकचकीत बाजूवर कडेपासून मध्यापर्यंत एक गुलाबीसर पट्टा. सलीमभाईंनी वास घेतला.

"खोपरे का तेल!"

आम्ही दोघांनी एकदमच जिन्याकडे पाहिलं. अक्का तिथेच मटार सोलत बसल्या होत्या.

"मले काय पाहता? मी काही नही केलं," अक्का म्हणाल्या. मग एक शेंग सोलून झाल्यावर, "नुसतं कुकू लावलं."

"कधी, आई?" सर केबिनमधून धावत आले.

"सोमवारी. तुम्ही जेवाले गेले तव्हा. त्या पोटातल्याची पूजा राह्यली होती ना? म्हटलं, हे त्याच्या पोटात जाणार हाये, यालेच बोट लावू."

"आणि तेल?"

"तू म्हनतो ना, डाग नको? म्हनून मग तेलाचं बोट फिरवून पदरानं पुसलं. चांगलं चमकावलं. उलट तुम्हीच म्हना, अक्का, बरं केलं!"

सर खुर्चीत बसले. सलीमभाई सीडी घेऊन नळावर गेले. अंगाच्या साबणाने, मधून कडेकडे अशी, तान्ह्या मुलाच्या डोक्याला लावावा तितक्या हलक्या हाताने त्यांनी ती धुतली. खिशातला धुतलेला रुमाल काढून टिपली.

पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. सगळे पडद्यासमोर. अर्धं झालं. जिथे रोज अडकायचं ती ओळ आली. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ती ओळ वर सरकून गेली होती!

पाऊण तासाने काळ्या पडद्यावर एकच शब्द आला, लॉगिन. पुढे लुकलुकणारी रेघ.

सर म्हणाले, "एवढंच?"

अक्कांनी लांबूनच विचारलं, "सुटली का व माय?"

"सुटली, अक्का," मी म्हटलं. आणि मला रडूच आलं. सगळ्यांना वाटलं, लिनक्ससाठी.

*

शनिवारी प्राध्यापक आले. त्यांच्याच गाडीने माझे मिस्टरही आले, या वेळी रिकाम्या हातांनी आणि निवांत. प्राध्यापकांनी स्वतः लॉगिन करून पाहिलं, चार-सहा आज्ञा दिल्या, आतल्या मशीनने सगळ्या पाळल्या. बाहेर विंडोज, आत लिनक्स, दोघं एका घरात, भांडण नाही.

"रविवारपासून बॅच पाठवतो," ते म्हणाले.

चहा झाला. अक्कांनी सगळ्यांना चिक्की दिली. मनू माझ्या मांडीला टेकून उभी होती. मला इतकं हलकं वाटत होतं, की गप्प राहवेना. मी सगळ्यांसमोर सांगूनच टाकलं. आठवडाभर मला काय वाटत होतं, मनू काय म्हणाली होती, टॉर्च, ती आतली धूळ, सगळं.

सर पोट धरून हसले. सलीमभाई म्हणाले, "मॅडमच्या मनाची खात्री करून देतो," आणि आठवडाभर खिशात राहिलेला पेचकस अखेर बाहेर काढून नव्या मशीनचं झाकण उघडलं. आतून बाहेरून, ट्रेसकट दाखवलं. चिक्कीचा कण नाही, मुंगीसुद्धा नाही.

"देखो. एकदम साफ!"

"मॅडम, तुम्ही उगाच त्या पोरीवर संशय घेतला," सर म्हणाले. "बिचारी किती शांत असते! तिचं येणं बंद करायचं तर आधी माझ्या आईचं करावं लागेल!" मग प्राध्यापकांकडे वळले. "थांबा सर, तुम्हाला अभ्यासक्रम फ्लॉपीवर देतो." आणि नवी कोरी फ्लॉपी घेऊन ते केबिनमध्ये आपल्या टेबलाखाली वाकले.

मी मनूला जवळ ओढलं. म्हटलं, "सॉरी हं, बाळा. तू कॉम्प्युटरला खाऊ दिलासच नव्हतास ना?"

मनूने चिक्कीचे काळजीपूर्वक दोन तुकडे केले. एक तोंडात टाकला.

"हिला नाही दिला. हिच्या पोटात बाळ आहे, हिला बाहेरचं द्यायचं नसतं," ती म्हणाली, आणि उरलेला तुकडा घेऊन केबिनकडे निघाली. "मी सरांच्याला देते. रोज."